प्रस्तावना किती ओळींची पाहिजे?

"सर, प्रस्तावना किती ओळींची पायजे?"

मोहाडीच्या अभ्यासिकेत पहिल्याच रविवारी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी उत्तर दिलं, "दहा." त्या एका उत्तरामुळे पुढचा दीड महिना वाया गेला.

थोडं मागून सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय अठ्ठावीस. शाळा मोहाडीत, मराठी माध्यमात. डिग्री नागपूरला, नोकरी पुण्यात. २०२५च्या जूनमध्ये बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि मी घरून काम करायची परवानगी घेऊन गावी आलो. धाकटा भाऊ आधीच परतला होता. चार वर्षं पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी, तीनदा पूर्व परीक्षा पास, मुख्य एकदाही नाही. पैसे संपले म्हणून आता घरूनच अभ्यास. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "दादा, तू नेटवर काही ना काही लिहीत असतो. आम्हाले निबंध शिकव ना."

त्याला एकदम निबंध कुठून आठवला, हे या परीक्षेच्या वाटेला न गेलेल्यांसाठी सांगायला हवं. २०१२पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा जवळजवळ सगळी बहुपर्यायी होती. भाषेचा एक पेपर सोडला तर चार पर्यायांतला एक गोळा काळा करायचा. २०२२मध्ये आयोगानं जाहीर केलं की मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक होणार, यूपीएससीसारखी. पुण्यात मुलं रस्त्यावर बसली. २०२३च्या फेब्रुवारीत निर्णय झाला की नवी पद्धत २०२५पासून लागू होईल. म्हणजे आता नऊ पेपर, सगळे हातानं लिहायचे, आणि त्यात २५० गुणांचा एक अख्खा पेपर निबंधाचा. ज्या मुलांनी ऐन विशीतली सगळी वर्षं गोळे भरण्यात घालवली, त्यांना आता तीन तास सलग विचार करून दाखवायचा होता.

आमची अभ्यासिका म्हणजे एक लांबट खोली. पूर्वी तिथं हातमाग होते. भिंतीला अजून खुंट्या आहेत, त्यांना आता दप्तरं लटकतात. पहिल्या रविवारी अकरा जण आले. भावासारखे पुण्याहून परतलेले दोघं-तिघं, बाकीचे आसपासच्या गावांतले. कुणी आंधळगावहून सायकलनं, कुणी वरठीहून एसटीनं.

मी विषय दिला : 'धान उत्पादक शेतकऱ्यांपुढील आव्हाने'. भंडारा जिल्ह्यात याहून सोपा विषय कोणता असणार? आणि सोबत साचा दिला. प्रस्तावना दहा ओळी, मग कारणं, परिणाम, उपाय, शेवटी समारोप. इंजिनिअर माणूस, मला वाटलं साचा दिला की काम झालं.

पुढच्या रविवारी अकरा निबंध आले. आठांची सुरुवात 'शेतकरी जगाचा पोशिंदा' अशी. नऊंचा शेवट 'शासनाने ठोस पावले उचलणे ही काळाची गरज आहे' असा. अक्षर सुंदर, समासात सुविचार, मुद्द्यांखाली रेघा. आणि माहिती? माझ्यापेक्षा दहापट. हमीभाव, सिंचनाची टक्केवारी, योजनांची नावं आणि वर्षं, सगळं तोंडपाठ. तरी अकरा निबंध वाचून झाल्यावर अकरापैकी कुणाला काय वाटतं, हे मला सांगता आलं नसतं.

पेन्सिल घेऊन मी मोजायला बसलो. एका निबंधात 'तसेच' हा शब्द चौदा वेळा आला होता, 'शिवाय' सहा वेळा. 'कारण' एकदाही नाही. धान कापल्यावर बांधीत कडपा पडलेल्या असतात ना, तशी वाक्यं एकाशेजारी एक पडली होती. गोळा करून पुंजणं कुणी रचलंच नव्हतं.

यात मुलांची चूक फार कमी आहे. शाळेत 'माझा आवडता ऋतू' गाईडमधून उतरवला. 'विज्ञान : शाप की वरदान' लिहिताना शेवटी 'दोन्ही' असं लिहायचं हे पाठ केलं. मी स्वतः दहावीला हेच केलं आणि मला निबंधात चांगले गुण मिळाले. पुढे बहुपर्यायी परीक्षेनं शिकवलं की बरोबर उत्तर आधीच छापलेलं असतं, आपण फक्त ओळखायचं. यात 'तुला काय वाटतं आणि का' हे विचारणारं कुणी भेटतच नाही. त्यात मी येऊन आणखी एक साचा हातात ठेवला.

मला स्वतःला हे कुणी शिकवलं असेल, तर नोकरीच्या पहिल्या वर्षानं. एका रात्री आमची सिस्टीम चाळीस मिनिटं बंद पडली. दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी लिहिलं : सर्व्हर बंद पडला, आम्ही तो पुन्हा सुरू केला, यापुढे काळजी घेतली जाईल. वरिष्ठ बाईंनी तो परत पाठवला. पहिल्या वाक्याखाली एकच शब्द होता : का? मी लिहिलं, मेमरी संपली म्हणून. पुन्हा का? पाचव्यांदा परत आल्यावर मला कळलं की दोष सर्व्हरचा नव्हताच. तीन महिन्यांपूर्वी मीच घाईत केलेला एक बदल त्याच्या मुळाशी होता. पाचव्या 'का'शी मी उभा होतो. टोयोटाच्या कारखान्यात ही पाचदा 'का' विचारायची पद्धत रूढ झाली आणि तिथून ती सॉफ्टवेअरमध्ये आली, हे मला नंतर समजलं.

सातव्या रविवारी मी साचा मागे घेतला आणि एक कात्री घेऊन गेलो.

प्रत्येकानं आपल्या निबंधाची झेरॉक्स काढून परिच्छेद कापायचे, तुकडे पिसून शेजाऱ्याला द्यायचे. शेजाऱ्यानं ते मूळ क्रमानं लावायचे. एकालाही जमलं नाही. एकीनं तर समारोप दुसऱ्या जागी लावला आणि निबंध वाचायला आधीपेक्षा बरा झाला. सगळे हसले, तीही हसली. मग मी विचारलं, "परिच्छेदांची जागा बदलून काहीच बिघडत नसेल, तर ते एकमेकांवर उभे आहेत का?" खोली शांत झाली. साच्यावर एवढे रविवार बोलून जे झालं नव्हतं, ते कात्रीनं अर्ध्या तासात केलं.

एक हुशार मुलगा पुढच्या वेळी चॅटजीपीटीकडून निबंध घेऊन आला. लपवलं नाही त्यानं, 'बघा तर खरं' म्हणाला. निबंध नीटनेटका होता, मथळे होते, समतोल होता. आम्ही त्यालाही कात्री लावली. प्रस्तावना आणि समारोप ओळखता आले, मधले पाच तुकडे कुठंही बसत होते. मुलगा म्हणाला, "सर, हा तर आपल्याच शाळेत शिकलेला दिसते." त्या दिवसापासून अभ्यासिकेत चॅटजीपीटीचं नाव 'आपला वर्गमित्र' पडलं.

मग आम्ही नव्यानं सुरुवात केली. नियम चारच. पहिला : लिहायला बसण्याआधी अख्खा निबंध एका वाक्यात सांगायचा, आणि ते वाक्य असं हवं की समोरचा शहाणा माणूस 'मला नाही पटत' म्हणू शकेल. 'शेतकऱ्याची स्थिती वाईट आहे' हे चालणार नाही, त्याला कोण नाही म्हणेल? दुसरा : त्या वाक्याला 'का' विचारत खाली उतरायचं, प्रत्येक उत्तर म्हणजे एक परिच्छेद. तिसरा : आपल्या विरोधातला सगळ्यात मजबूत मुद्दा स्वतःच मांडायचा, मोडायला सोपा असलेला नाही. चौथा : प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहायची. किती ओळींची, ते तेव्हा आपोआप कळतं.

नमुना म्हणून काय दाखवावं याचा मी बराच विचार केला. महात्मा फुल्यांच्या १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड'च्या आरंभीच्या ओळी सगळ्यांना पाठ होत्याच. पण त्या म्हणजे 'का'ची साखळी आहे, एकेक पायरी उतरत ती अविद्येपर्यंत जाते, असं त्यांच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही ती फळ्यावर उलटी लिहिली, तळापासून वर. एकही पायरी गाळता येईना.

दुसरा नमुना डॉ. आंबेडकरांचा. भंडाऱ्याच्या मुलांना बाबासाहेब १९५४च्या पोटनिवडणुकीमुळे ठाऊक असतात. ते इथून लोकसभेला उभे राहिले होते आणि हरले होते. पण १९१८मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक लेख लिहिला होता, हे वर्गात एकालाच माहीत होतं. तेव्हा त्यांचं वय जवळजवळ माझ्याएवढं. त्या काळचे जाणकार म्हणत होते की शेताचे तुकडे फार लहान झालेत, ते जोडा आणि मोठे करा, म्हणजे शेती परवडेल. आंबेडकर उपायाकडं धावत नाहीत. आधी विचारतात, 'परवडणारं शेत' म्हणजे काय? एका कुटुंबाचं पोट भरेल एवढं शेत, ही व्याख्या त्यांना मान्य नाही. कारण शेत नुसत्या आकारानं परवडणारं किंवा न परवडणारं नसतं. त्यावर किती हात आणि किती भांडवल लागतं, त्या प्रमाणावर ते ठरतं. इथं हात जास्त आणि भांडवल कमी, म्हणून शेतीवरचे जादा हात दुसऱ्या कामाला लागले पाहिजेत, म्हणजे उद्योग वाढले पाहिजेत. शेतीच्या दुखण्यावर शेतीबाहेरचं औषध. शेवट वाचून एक मुलगा म्हणाला, "सर, आपल्या गाईडमध्ये तर अजूनबी तुकडे जोडाच म्हणते."

आता ज्या निबंधासाठी हे सगळं लिहितो आहे, त्याच्याकडं येतो. लिहिणाऱ्या मुलीची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती मागच्या बाकावर बसायची. पहिल्या निबंधात तिनंही 'पोशिंदा' लिहिला होता. दुसऱ्या फेरीत मी एका वाक्यातला दावा मागितला तेव्हा तिनं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि वही न दाखवता घरी गेली. पुढच्या रविवारी तिनं ते वाक्य वाचलं : 'हेक्टरी बोनसचा फायदा धान पिकवणाऱ्याला नाही, सातबारावर नाव असणाऱ्याला होतो.'

वर्गात चुळबुळ झाली. ज्यांच्या घरी स्वतःची शेती होती, त्यांना हे वाक्य आवडलं नाही. म्हणजे वाक्य चांगलं होतं.

मी म्हणालो, "का?"

तिनं आधी हिशेब मांडला. २०२०-२१मध्ये धानाला क्विंटलमागे ७०० रुपये बोनस होता, ५० क्विंटलपर्यंत. पुढे तो हेक्टरी झाला. २०२२-२३ला १५,००० रुपये, त्यानंतरची दोन वर्षं २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. हा बदल का झाला, हेही तिनं प्रामाणिकपणे लिहिलं. क्विंटलवर बोनस असला की कुणाच्याही सातबारावर कुणाचंही धान विकता येतं, व्यापाऱ्याचं, बाहेरून आलेलं. हेक्टरी बोनसमध्ये ती वाट बंद होते. हा विरोधातला सगळ्यात मजबूत मुद्दा तिनं दुसऱ्याच परिच्छेदात मांडला.

मग ती ठेक्याच्या शेतीकडं आली. ठेक्यानं शेती करणारा माणूस नांगरणी करतो, पऱ्हे टाकतो, रोवणी करतो, कापतो, चुरतो. सातबारा मालकाचा. क्विंटलवर बोनस होता तेव्हा मालकाला बोनस हवा असेल तर केंद्रावर धान न्यावं लागायचं, आणि धान पिकवणाऱ्याच्या घरात असायचं. त्यामुळे काहीतरी वाटाघाट व्हायची, थोडे पैसे याच्याकडं यायचे. हेक्टरी बोनसला धान दाखवायची गरजच नाही. पिकवणाऱ्याच्या हातात होती नव्हती ती एक दोरीही सुटली. तीन एकर म्हणजे साधारण १.२ हेक्टर, म्हणजे साधारण २४,००० रुपये. ते नागपूरच्या खात्यात जमा होतात.

"मग सातबारावर पिकवणाऱ्याची नोंद का नाही?" वर्गातून कुणीतरी विचारलं. आता 'का' मला विचारावं लागत नव्हतं.

"ठेका तोंडी असते."

"तोंडी का?"

हे तिला तेव्हा सांगता आलं नाही. आठवडाभर तिनं शोधलं. पुढच्या खेपेला ती विदर्भासाठीच्या १९५८च्या कूळ कायद्याची नोट काढून घेऊन आली. कसणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळावा म्हणून केलेला कायदा. त्याच कायद्याच्या धास्तीनं मालक आजही कागद करत नाही, पिकाच्या नोंदीत दुसऱ्याचं नाव येऊ देत नाही, दर एक-दोन वर्षांनी ठेकेदार बदलतो. कसणाऱ्याच्या संरक्षणासाठी झालेल्या कायद्यानंच कसणाऱ्याचं नाव कागदावरून पुसलं गेलं, असं तिनं लिहिलं. उपाय म्हणून नीती आयोगाच्या २०१६च्या आदर्श जमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा घेतला : मालकीला धक्का लागणार नाही याची हमी द्या, मग कसणाऱ्याची नोंद करायला मालकाला भीती राहणार नाही. आणि लगेच स्वतःच विचारलं : भीती साठ वर्षांची आहे, ती एका कागदानं जाईल का?

या निबंधाला कात्री लावली. तुकडे लावायला शेजारच्या मुलीला चार मिनिटं लागली, एकही चुकला नाही.

मी खूश होतो. एवढा खूश की मी तिला म्हणालो, "यात फक्त एक कमी आहे. हे तीन एकर कुणाचे? तुझ्या ओळखीचं उदाहरण असेल तर स्पष्ट लिही. गाव, पीक, रक्कम. पुराव्यानं निबंध उभा राहतो." तिनं मान हलवली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. मला वाटलं मंडई असेल, दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, अर्धा वर्ग दंडार बघायला जातो. त्याच्या पुढच्या रविवारीही आली नाही. तिसऱ्या रविवारी आली आणि वर्ग संपल्यावर थांबली.

तीन एकर तिचे वडील कसत होते. तिनं माझं ऐकून सगळं लिहिलं होतं आणि रात्री घरी वाचून दाखवलं होतं. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे तू लिवली?" ती हो म्हणाली. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरोबर लिवली. पण मालकाले दाखवू नोको." मालकाचा पुतण्या मोहाडीतच राहतो. पुढच्या हंगामाचा ठेका अजून ठरायचा होता.

मला काय बोलावं कळेना. आमच्या ऑफिसात अहवाल लिहिताना एक अलिखित हमी असते : चूक कुणाची हे निघालं तरी कुणाची नोकरी जाणार नाही. त्या हमीवर मी पाचवा 'का' लिहू शकलो होतो. इथं मी तोच 'का' शिकवला आणि हमी द्यायला विसरलो, किंवा माझ्याकडं ती नव्हतीच. मालक कागद का करत नाही, यावर तिनं तीन परिच्छेद लिहिले होते. तिच्या वडिलांनी ते एका वाक्यात दुसऱ्या बाजूनं पूर्ण केले : कसणाराही कागदाला भितो.

मी म्हणालो, "ते उदाहरण काढून टाक. माझी चूक झाली."

तिनं वही उघडली. उदाहरण काढलेलं नव्हतं, बदललेलं होतं. गाव गेलं होतं, वडील गेले होते. त्या जागी एक नवा परिच्छेद होता. त्याचा आशय असा : या विषयावर आकडेवारी मिळत नाही, कारण ज्याला बोलायचं आहे त्याला बोलणं परवडत नाही. तोंडी व्यवहार मोजता येत नाहीत, आणि जे मोजता येत नाही ते धोरणात दिसत नाही. म्हणजे पुरावा देता न येणं, हाच तिनं पुरावा म्हणून मांडला होता. माझ्या चार नियमांत हे कुठंच नव्हतं.

मी वही परत दिली. ती म्हणाली, "सर, परीक्षेत पेपरवर नाव टाकत नाही ना?"

"नाही. उत्तरात ओळख पटेल असं काही लिहिलं तर उलट कारवाई होते."

"मग तिथं लिवायले भेव नाही," ती म्हणाली आणि एसटी चुकेल म्हणून पळाली.

मुख्य परीक्षेच्या हॉलमध्ये त्यांच्यातले किती जण पोहोचतील, मला ठाऊक नाही. पूर्व परीक्षा अजूनही गोळ्यांचीच आहे, आणि ती ओलांडल्याशिवाय निबंध लिहायची वेळ येत नाही. माझा भाऊ म्हणतो की आता त्याला लिहायला आवडायला लागलंय आणि ही परीक्षेसाठी धोक्याची गोष्ट आहे. बाबा आता चौंडेश्वरीच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतात. मला लवकरच पुण्याला परतावं लागेल, वर्ग भाऊ पुढे चालवेल.

गेल्या रविवारी दोन नवीन मुलं आली. एकानं बसल्या बसल्या विचारलं, "सर, प्रस्तावना किती ओळींची पायजे?" मी उत्तर द्यायच्या आधीच मागच्या बाकावरून आवाज आला, "ते शेवटी पाहू. आधी सांग, तुले काय वाटते?"

मुलगा गडबडला. माझ्याकडं पाहिलं, मागं पाहिलं. मग म्हणाला, "मले? मले कोनी इचारलंच नाही आतापर्यंत."

तिनं त्याला वहीचं एक कोरं पान फाडून दिलं.